एक नग बेट कमी

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११.१०
लेकीचा फोन. एक मिनिट चाळीस सेकंद. जेवलात का, अजून नाही. तू, मीही नाही. काम कसं चाललंय, ठीक. पूर्वी फोन ही घ्यायची. मी आतल्या खोलीतून "बरा आहे म्हणून सांग" एवढं ओरडायचो, काम भागायचं. हिला जाऊन चौदा महिने झाले. मी बरा आहे.
आज लेकीने नवीन विषय काढला. ती एक व्हिडिओ गेम खेळते. घर बांधणं, बाग लावणं, मासे पकडणं वगैरे. त्यात एक बेट आहे. दोन गावांतली दोन माणसं त्या बेटावर एकत्र खेळू शकतात. म्हणाली, बाबा, दर रविवारी तिथे भेटत जाऊ, फोनवर आपल्याला काही सुचत नाही. तिचं जुनं गेमचं मशीन इथे टीव्हीखाली पडलेलंच आहे. मी "बघू" म्हटलं. मनात पक्कं केलं.
संकल्प: महिन्याभरात गेममध्ये एक्स्पर्ट.

६ जानेवारी, मंगळवार
जुन्या गेम्सच्या दुकानात जाऊन आणला. डब्यावर स्पष्ट छापलंय, "संपूर्ण आवृत्ती, सोबत बेट." डिस्क बघितली, ओरखडा नाही. आत कोडची चिठ्ठी, तीही बघितली. पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. एक बोल्ट कमी आला तरी ट्रक थांबवणारा माणूस मी. दुकानदाराच्या गळ्यात हेडफोन असतो, कानात कधीच नाही. म्हणाला, काका, मस्त गेम आहे. मला कोण काय विकणार.

७ जानेवारी, बुधवार. सायंकाळी ६.३०
बेट नाही.
चिठ्ठीवरचा बारा अक्षरी कोड टाकला. "हा कोड आधीच वापरण्यात आला आहे." पुन्हा टाकला. शून्याच्या जागी ओ टाकून बघितला. तेच.
लेकीला विचारलं. म्हणाली, कोड एकदाच चालतो. पहिल्या मालकाने वापरला, बेट त्याच्या खात्यात गेलं. डबा विकला तरी बेट त्याच्याकडेच राहतं. म्हणजे घर विकायचं आणि गच्ची स्वतःकडे ठेवायची. ती म्हणाली, मी बेट वेगळं घेऊन पाठवते, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. कमी आलेला माल त्याच पुरवठादाराकडून पूर्ण करून घ्यायचा असतो. दुसरीकडून आणला की पहिला सुटतो. हे तिला कळायचं नाही, तिचं शिक्षण वेगळं.

८ जानेवारी, गुरुवार
दुकानदार म्हणाला, काका, लेबलवर "वापरलेला" लिहिलंय. डबा वापरलेला, डिस्क वापरलेली, तसा कोडही वापरलेला. मी म्हटलं, वापरलेली खुर्ची घेतली तर बसता येतं. वापरलेल्या बेटावर उभं राहता आलं पाहिजे.  तो म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, पण बदलून मिळणार नाही.
घरी येऊन गेम पिशवीत घातला, तोंड सील केलं, लाल टॅग बांधला. "नाकारलेला माल. वापरू नये." कारखान्याचा नियमच आहे. नाकारलेला माल वापरला की तो स्वीकारला असं होतं.

११ जानेवारी, रविवार
लेक म्हणाली, बेट येईपर्यंत साधा गेम तरी खेळून बघा, हाताला सवय होईल. मी टॅगचं महत्त्व समजावून सांगितलं. ती बरं म्हणाली. पंचावन्न सेकंद.

२० जानेवारी, मंगळवार
ग्राहक मंचात तक्रार दाखल. वकील नको, मी पुरेसा आहे. अर्ज आमच्या आवक तपासणीच्या नमुन्यातच लिहिला, म्हणजे कोणालाही कळेल. मालाचे वर्णन: बेट. मागणी: एक नग. प्राप्त: शून्य नग. शेरा: कमी. परचेसवाल्याला वाचून दाखवलं. तो शेजारच्याच टेबलावर बसतो. त्याने विचारलं, बेट ठेवणार कुठे, रॅकवर की उघड्यावर. स्टोअरच्या लोकांना ऑफिसात मान नाही, हे जुनंच आहे.
महिन्यात निकाल लागेल.

१ फेब्रुवारी, रविवार
लेकीने परत विचारलं, पाठवू का बेट. या घडीला बेट मिळालं तर तक्रारीतली हवाच जाईल. नुकसान उरलं नाही तर मागणार काय? थोडा धीर धर, म्हटलं. माझी बाजू भक्कम आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुकानदाराचं लेखी उत्तर. "बेट ही वस्तू नसून वापरण्याची परवानगी आहे." मग डब्यावर "सोबत परवानगी" छापायचं होतं. प्रत्युत्तर लिहायला घेतलं. मुद्दे नऊ.

१२ मार्च, गुरुवार
पहिली तारीख. हाफ डे टाकून गेलो. मंचाच्या मॅडमनी विचारलं, हे बेट कुठल्या समुद्रात आहे. समजावायला वीस मिनिटं गेली. शेवटी त्या म्हणाल्या, म्हणजे बेट नाहीये, ही तुमचीच तक्रार आहे ना, मग दोघांचं एकमत आहे. पुढची तारीख. एकंदरीत छाप चांगली पडली.
दुकानदार बाहेर बाकावर डबा खात होता. मलाही विचारलं. प्रतिपक्षाचं खाऊ नये. भूक लागली होती.

५ एप्रिल, रविवार
लेकीने फोटो पाठवला. बेटावर तिने माझ्यासाठी झोपडी बांधली आहे. दारात दोन खुर्च्या. वर पाटी, "बाबा." म्हणाली, मी दर रविवारी अकरा वाजता तिथे जाऊन बसते, तुम्ही याल तेव्हा या.
अत्यंत उपयोगी फोटो. बेटावर माझ्या नावाची जागा आहे आणि मला ताबा मिळत नाही, हे याहून स्वच्छ कसं दाखवणार? रंगीत प्रिंट काढून तीन प्रती फाइलला लावल्या. परिशिष्ट सात.
तिला कळवलं. ती म्हणाली, ते पुराव्यासाठी नव्हतं बाबा.

२३ एप्रिल, गुरुवार
तारीख. मॅडम रजेवर. मुद्दे आता एकतीस झाले आहेत.

१० मे, रविवार
फोन झाला. केस कुठपर्यंत आली ते सविस्तर सांगितलं. तेरा मिनिटं. आम्ही इतका वेळ कधीच बोललो नव्हतो. म्हणजे केसने एक प्रकारे काम केलंच. ती मधून मधून हं म्हणत होती.

७ जून, रविवार
फोन नाही. कामात असेल.

१४ जून, रविवार
फोन नाही. मी करणार होतो, पण युक्तिवादाची उजळणी चालू होती. निकाल लागला की एकदमच करावा. सांगायला काहीतरी हवं.

२१ जुलै, मंगळवार. दुपारी ३.१५
जिंकलो.
आदेश: दुकानदाराने तीस दिवसांत तक्रारदारास बेट उपलब्ध करून द्यावे. अठ्ठेचाळीस मुद्द्यांपैकी मॅडमनी एकच वाचला, डब्यावर "सोबत बेट" छापलं आहे हा. तरी जिंकलोच. ऑफिसात सांगितलं. परचेसवाला अभिनंदन म्हणाला आणि चहाला गेला. मला फार आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी होईल.

१ ऑगस्ट, शनिवार
दुकानदार स्वतः घरी येऊन नवीन कोड देऊन गेला. पाणी दिलं. म्हणाला, काका, मी नाही म्हटल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा आला असता तर मी असाच दिला असता, पण थेट नोटीस आली आणि मग मलाही चेव आला. टीव्हीकडे बघून विचारलं, कोणासोबत खेळणार. मुलीसोबत, म्हटलं. तो छान म्हणाला. पोचपावतीवर त्याची सही घेतली.
उद्या अकरा वाजता थेट बेटावर हजर व्हायचं. आधी फोन नाही. सरप्राइज.

२ ऑगस्ट, रविवार. दुपारी १.२०
सकाळी टॅग कापला. कोड चालला. साडेदहाला बेटावर. चालायला जमेना, डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं असतं. पाऊण तास एका झाडाला धडका मारत होतो. स्क्रीनवर वर सारखं येत होतं, "दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे."
साडेअकराला फोन केला. मी बेटावर आहे, म्हटलं.  ती म्हणाली, बाबा, मी मे महिन्यातच सोडलं ते. घर बदललं, सामान कमी करायचं होतं, मशीनसकट विकून टाकलं. सांगणार होते, पण तुम्ही केसबद्दल बोलत होता. एप्रिलभर बसले होते हो मी तिथे. चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर उत्तर देता आलं असतं, माझ्याकडे कागद होते.
मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न होता. ती हो म्हणाली. मग जेवलात का विचारलं. नवीन घर कसं आहे हे मी विचारायला हवं होतं, ते फोन ठेवल्यावर सुचलं.
छातीत जड वाटायला लागलं. गेले कित्येक महिने काही वाटलंच नव्हतं, त्यामुळे आधी अॅसिडिटी समजलो. गोळी घेतली. गोळीने गेलं नाही. वाईट वाटत होतं.
टीव्ही बंद केला नाही. अजून तेच लिहून येतंय, वाट पाहत आहे म्हणून.
निकालाची प्रत पुन्हा वाचली. शेवटी बारीक अक्षरात आहे, या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येईल. आदेश माझ्याच बाजूने आहे. तरी तारीख टिपून ठेवली, २० ऑगस्ट.