बोकडाची लाल टोपी

१२ फेब्रुवारी १९९७, देवळाली कॅम्प
तरी आबा नायच म्हणतो. फोनवर एकच धोशा — "ते रीळ नाय द्यायचं." अरे पण ठेवून करणार काय? व्हिडिओ आला, आपला टुरिंग टॉकीजचा तंबू बसला, मशीन गंजलं. राहिलं काय, तर मेन पिक्चरच्या आधी लावायचं ते कार्टूनचं रीळ. विलायती बोकड, बेडूक त्याची टोपी पळवतो, खेळ खलास. बोलणं नाय, गाणं नाय. त्या रिळाचे माझे साहेब दोन हजार देतात. तिकडं बहिणीचं, आशाचं कॉलेज अडलंय अन् हा बोकड कवटाळून बसलाय.

२० फेब्रुवारी
साहेबांच्या बंगल्यावर असलेच रिळांचे डबे पुसतो मी. भिंतभर कपाट. लावून बघत नायत, उघडून वास घेतात. आज म्हणाले, "गोरक्ष, यातलं एकेक चित्र माणसानं हातानं काढलंय. तपश्चर्या आहे ही."
मान हलवली. जन्मभर बोकड काढत बसला, घरी कोणी कामधंदा विचारत नव्हतं वाटतं.

२ मार्च
कळवणला घरी जाऊन आलो. आशानं रडून आबाला वळवलं. डबा फडक्यात बांधून दिला त्यानं. "उलटं गुंडाळू नको," एवढंच.

९ मार्च
साहेबांनी पाहुणे बोलावून रीळ लावलं. सगळे कीर्तनाला बसल्यासारखे. हसायला कोणी तयार नाय. बोकड आला, टोपी लालभडक. साहेबांनी मशीन थांबवलं. पट्टी दिव्यापुढं धरली. "कोणा गाढवानं रंग फासलाय? मूळ काळं-पांढरं आहे हे. केमिकलनं धुवून काढतो."
आबानं रंगवलीय ती. आईचा अळता, सुईचं टोक, एकेका चित्रातली टोपी. पावसाळाभर ओट्यावर हेच. आई शिव्या द्यायची, मी पण. जत्रेत ती टोपी दिसली की पोरं शिट्ट्या मारायची.
साहेबांनी विचारलं. म्हणालो, माहीत नाय.

१० मार्च
सकाळी सांगितलं, रीळ विकायचं नाय. "मग तूही चालू पड."
पडलो.

६ एप्रिल, अंबड
नट-बोल्टच्या कारखान्यात लागलो. खोलीत चौघं, त्यातला एक घोरतो. डबा माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली. बोकड अजून फालतूच हाय. घरी कळवलं — रीळ विकलं, साहेब हप्त्यानं पैसे देतात. पहिली मनीऑर्डर केली, पगारातले तीनशे रुपये.