कणसांवरच्या पिशव्या

जामखेड, १२ जानेवारी

तीर्थरूप आईला उज्ज्वलाचा नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

माझी पीएच.डी. एक वर्ष लांबली. शिष्यवृत्ती चालू राहील, पण पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथून हलता येणार नाही.

परक्या ज्वारीचे पराग लागू नयेत म्हणून मी फुलोऱ्यातल्या कणसांना कागदी पिशव्या बांधल्या होत्या. गेल्या महिन्यात बाबा भेटायला आले. मी चहा आणायला गेले, तेवढ्यात कणसं गुदमरतील म्हणून त्यांनी सगळ्या पिशव्या काढल्या आणि नीट घड्या घालून माझ्या हातात दिल्या.

त्यांना यातलं काही सांगू नकोस. विचारलं तर माझ्या गाईड सरांनीच थांबवलंय म्हण.

मी त्यांना 'बरं केलंत' म्हणाले. आई, त्या कणसांसारखं क्षणभर मलाही मोकळं वाटलं गं.

तुझी,
उज्ज्वला