मधला आवाज

१ नोव्हेंबर, शनिवार

पोचले एकदाची! समुद्रकाठचं माझं गाव अबेरायरॉन सोडल्यापासून तीन बस बदलल्या. शेवटच्या बसमध्ये मी, एक मेंढपाळ आणि त्याची दोन ओली कुत्री. त्यातलं एक सबंध रस्ताभर माझ्या बुटांवर झोपून आलं. ब्लाएनवेर्नला उतरले तर पोस्टमास्तर गेथिननं माझी ट्रंक आधीच खांद्यावर घेतलेली. इथे धंद्यावरूनच माणसाचं नाव पडतं, म्हणून तो गेथिन पोस्ट. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच माझं नाव, माझं वय आणि आधीच्या बाईंनी लग्न करून शाळा का सोडली हे सगळं मला सांगून टाकलं. वर म्हणाला, मिस मेनिर अंगानं बारीक आहेत, पण हेन्द्रेचं लोणी खाऊन ईस्टरपर्यंत शाळेच्या दारात मावायच्या नाहीत.

हेन्द्रे म्हणजे मी राहायला आले ते शेतघर. घरात भावंडं दोघंच. अंकल एम्रिस सत्तरीचे, मेंढ्यांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारे. त्यांच्या धाकट्या बहीण आंटी काइनवेन, गोल, गोऱ्या, सारख्या काहीतरी पुसत असणाऱ्या. माझी खोली स्वयंपाकघराच्या वरची, चुलीची ऊब थेट पायांना लागते. रात्रीला मटणाचा रस्सा आणि मनुकांचा पाव झाला. तीन वाढण्यांनंतर मी हात जोडले.

पाच वाजता टेलिफोन बूथमधून आईशी बोलले. सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली. तेव्हापासून मी म्हणजे तिच्यासाठी माझा आवाज. आंधळ्या बायका चेहरा चाचपतात तसलं तिला आवडत नाही, म्हणते मी काय कणीक मळतेय? पण मला सर्दी झालीय, मी कुणाशी भांडलेय, सगळं तिला 'हॅलो'वरून कळतं. दर शनिवारी पाच वाजता ती शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसणार, असं ठरलंय. आज म्हणाली, खुशीत आहेस, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर चाललंय तुझं. बरोबर ओळखलं! मला कुठे धड उभं राहवतं?

९ नोव्हेंबर, रविवार

शाळेत चौदा पोरं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीत बेडूक ठेवला. मी त्याला हजेरीपटात घेतलं आणि त्याचंही नाव पुकारलं, तेव्हापासून आमचं जमलंय. त्यांना गाणी शिकवते. माझं रूप बेताचं, पगार त्याहून बेताचा, पण आवाज मात्र देवानं हात सैल सोडून दिलाय. हे इथे लिहायला लाज कसली?

गावात आता एकच विषय, प्लगाइन. नाताळच्या पहाटे सहाला देवळात मेणबत्त्या लावून गायचं. पेटी नाही, कुणी नाव पुकारत नाही, टाळ्या नाहीत. एकेका घरची माणसं आपणहून उठतात, पुढे जातात, आपल्या घरचं नाताळगीत गातात आणि खाली बसतात. ज्या घरचं गीत त्या घरानंच गायचं. आमच्याकडे समुद्रावर हे इतकं कडक राहिलेलं नाही.

हेन्द्रेचं गीत बावीस कडव्यांचं, तीन आवाजांचं. अंकल खालचा आवाज धरतात, आंटी वरचा. मधला त्यांच्या बहिणीचा, एलिनेदचा. ती सात वर्षांपूर्वी गेली. तरी ही दोघं रोज संध्याकाळी चुलीपाशी उभी राहून गातात, मधली जागा तशीच रिकामी सोडून. मी वरच्या खोलीत वह्या तपासत असते आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. भीतीनं नाही, चिडून! सूर अर्धवट सोडलेला मला सहन होत नाही. जिन्यात जाऊन उभी राहते, परत येते, परत जाते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज राहवलं नाही. ऐकून ऐकून मधली चाल आपोआप सुचली होती. चौथ्या कडव्याला मी जिन्यावरून उतरता उतरता ती उचलली. काय भरलं घर! तिन्ही आवाज एकात एक बसले आणि भिंतीवरच्या बशा किणकिणल्या.

कडवं संपलं तेव्हा अंकल पांढरेफटक. टोपी उचलून ते गोठ्यात निघून गेले. आंटींनी मात्र माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. म्हणाल्या, पोरी, परत गा. म्हणून मी परत गायले. अंकल उद्या निवळतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निवळले नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. आंटी मात्र मला तळहातावर झेलतात. सकाळी मधाचं दूध, संध्याकाळी गाणं. तालीम आम्ही दोघीच करतो.

एक गंमत. दुकानात गेथिन पोस्ट म्हणाला, मिस, काल सकाळी ओढ्यापलीकडून काय गात होतात, माझ्या बायकोनं दूध उतू घालवलं. काल सकाळी मी शाळेत गणितं घालत होते. ओढ्याकडे मी अजून गेलेच नाहीये. तसं सांगितलं तर तो हसला, आणि मग हसायचा थांबला.

आई फोनवर म्हणाली, घसा बसलाय तुझा. बसलाय खरा, वरचे सूर लागत नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत विचित्र झालं. मी फळ्यावर लिहीत होते. पोरं एकदम उठून रांगेनं बाहेर पटांगणात गेली. धावत जाऊन विचारलं, कुणी सांगितलं? छोटी नेस्ता म्हणाली, तुम्हीच हाक मारलीत मिस, विहिरीकडून. चौदाच्या चौदा जणांनी ऐकली होती. मी रागावले तर रागावणं बाहेर पडेना, नुसती वाफ. मग मीच वर्गभर येरझारा घालत बसले. चैन पडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काल पाचला फोन केला. आई म्हणाली, कोण बोलतंय? मी मेनिर म्हटलं. ती म्हणाली, चेष्टा पुरे. मेनिरचा फोन आत्ताच येऊन गेला, चांगला अर्धा तास बोलली पोर, घसाही सुटलाय तिचा. आणि तिनं फोन ठेवला.

आईनं माझा फोन ठेवला.

बूथमध्ये किती वेळ उभी होते कोण जाणे. काचेवर बोटानं मी माझं नाव लिहिलं. का ते माहीत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले घशात काहीही नाही. महिनाभर बोलू नका. आता पाटीवर लिहून शिकवते. पोरं शहाण्यासारखी वागतात, आणि तेच मला सहन होत नाही.

आज अंकल एम्रिसना गोठ्यात गाठलं. पाटी पुढे धरली: काय केलंय मी? ते मेंढीचे खूर कातरत राहिले. मग खाली बघूनच बोलले. मेलेल्याचा आवाज घरच्यांनी मोकळा ठेवायचा. त्या घरातलं कुणी गात असेतोवर ती जागा त्याची. ते येतं, आपल्या जागी उभं राहतं, आपलं गातं आणि जातं. तू तिच्या जागी गायलीस. तिला उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून तिनं तुझी घेतली.

मी लिहिलं: मला आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात, बाळ? दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये हे कुणी कुणाला सांगतं का?" आणि मग, नाताळच्या आत इथून जा. देवळात गीत पुरं झालं की झालं, आवाज कायमचा तिचा. तिथे एकदा गायलेलं मागे घेता येत नाही.

शाळा एकोणीस तारखेला सुटते. वीसला जाईन. पंधरा दिवस.

११ डिसेंबर, गुरुवार

आंटी काइनवेन दुपारी लोणी काढत होत्या. हसत होत्या. कुणाशी तरी बोलत होत्या आणि ते कुणीतरी उत्तर देत होतं. माझा आवाज. माझ्या आवाजात लहानपणीच्या गोष्टी, कुठल्याशा गाढवाच्या, कुठल्याशा जत्रेच्या. मी दार ढकललं. आंटी एकट्याच. मला बघून त्यांचा चेहरा पडला, एवढा की मलाच अपराध्यासारखं वाटलं. म्हणाल्या, सात वर्षं, पोरी. तुला आणखी बारा मुलखात गाणी मिळतील. आम्हाला एलिनेद एकच होती.

मला राग आला. इतका राग आला आणि ओरडता आलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पावणेपाचलाच बूथ गाठला. आतून माझा आवाज. आई, तू नाताळला इकडेच ये ना. प्लगाइनला मी गाणार आहे. दार उघडलं. फोन जागेवर टांगलेला.

आईला पत्र टाकलं. नंतर लक्षात आलं, पत्र शेजारीण वाचून दाखवणार. वाचेल आणि म्हणेल, तुमची मेनिर अशी काय लिहितेय. आणि आई म्हणेल, कुणीतरी खोडी काढतंय, आत्ताच तर बोलले मी तिच्याशी.

२० डिसेंबर

बर्फ. बस नाही. खिंड बंद.

२२ डिसेंबर

चालत निघाले. गुडघाभर बर्फ. दोन मैलांवर अंकलनी गाठून परत आणलं. रडत होते म्हातारे. म्हणाले, मेली असतीस. बरं झालं असतं का ते मला कळत नाही.

२४ डिसेंबर

रस्ता उघडला. पहिल्याच बसनं आई आली.

मी धावले. थांब्यावर तिचे दोन्ही हात धरले. तिचा चेहरा उजळला आणि ती बोलायच्या आत माझ्या मागून— माझ्याच खांद्यामागून— "आई! दमलीस का गं?"

आई तिकडे वळली. माझे हात सोडून.

आवाज म्हणाला, ती एलिनेद आहे आई, हेन्द्रेची बहीण. मुकी आहे बिचारी. सगळ्यांचे हात धरते.

आईनं माझ्या हातावर थोपटलं. कुत्र्याला थोपटतात तसं. मी तिचा हात ओढून माझ्या गालांवर ठेवला. तिची बोटं एक क्षण थांबली. नक्की थांबली. मग ती हसली, म्हणाली, कणीक मळायचे दिवस गेले बाई माझे. आणि हात काढून घेतला.

२५ डिसेंबर, सकाळी ९

देवळात. हेन्द्रेची पाळी. मी उठणार नव्हते. उठले. अंकल डावीकडे, आंटी उजवीकडे, मी मध्ये, तोंड घट्ट मिटून. बावीस कडवी. सगळी माझ्या जागेवरून. मेणबत्तीच्या उजेडात सगळं गाव माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होतं. एकही उठला नाही. सात वर्षांनी हेन्द्रेचा सूर पुरा लागला होता, तो कुणाला मोडायचा होता?

आई रडत होती. सुखानं.

बाहेर सगळे तिला भेटले. मुलगी काय गाते तुमची! नेस्ता माझ्याकडे बघून काही बोलणार तेवढ्यात तिच्या आईनं तिला ओढलं.

१२ वाजता

गेथिन पोस्ट त्याच्या व्हॅननं आईला घरी सोडणार. आवाज म्हणतो मीही येते, आई. सुट्टी आहे ना. आईनं टाळ्या वाजवल्या.

गेथिनला चिठ्ठी दिली. मला घेऊन चल. मी मेनिर. तुला माहीत आहे मी मेनिर. त्यानं वाचली. दोनदा. घडी करून खिशात ठेवली. टोपी काढली. म्हणाला, "मिस— व्हॅनमध्ये मागे दोनच जागा आहेत."

दोनच. आई. आणि—

आंटींनी मला वर आणलं. दार बाहेरून लावलं. मायेनं लावलं. दूध ठेवलंय.

१२.४०

खाली दोघी निघाल्यात, आई आणि माझा आवाज. आई विचारतेय, मेनिर, हातमोजे घेतलेस? घेतले, आई. मफलर? हो गं. खिडकी ठोकतेय. काच फुटत नाही. आई मान वर करते. वर बघते, म्हणजे कान वर करते. थांबलीय. अंकल फाटकाशी उभे, टोपी हातात, काही बोला ना, बोला ना अंकल—

आई म्हणते, वर कोण ठोकतंय?

अंकलनी तोंड उघडलं. मग आंटींकडे बघितलं.

एलिनेद, म्हणाले.

व्हॅन सुरू झाली. मागच्या काचेतून आईचा हात दिसतो, शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवलेला, थोपटणारा—

वळण. गेली.

आंटी जिन्यावर. कडी काढतायत. हाक मारतायत, एलिनेद, ये, जेवायला ये. माझं नाव मे

माझं नाव एलिनेद नाही. माझं नाव

परत हाक मारली. आणि मी लगेच उठ—