दाराआडून बेचाळीस

पेरुंगुडी, चेन्नई
१२ जुलै २०२५

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार. रागातला, पण साष्टांगच.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि तिकडे घरी भवानीअक्का म्हणते, "अप्पा गच्चीवर आहेत." नऊ दिवस? तंजावरच्या उन्हात? म्हणून हे पत्र.

इकडे ठीक. पाणी टँकरचंच. कॉफीचं डिकॉक्शन मला जमत नाही. एक तर पाणचट, नाही तर डांबर.

मुलाखतींची तयारी चालूच आहे. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं आणि पहाटे उठून फाशांची, नाण्यांची गणितं सोडवायची. शेअरबाजारात गणितावर सौदे करणाऱ्या या कंपन्यांना इंजिनिअर असा सोलून घ्यायचा असतो! त्यात घरी राहायला आलेले तुम्ही, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले मास्तर. दाढी करताना प्रश्न, इडली तोंडात असताना प्रश्न. वैताग आला होता मला.

आणि त्या दिवशी तर कहरच. व्हिडिओवर त्या बाई विचारतात, लागोपाठ दोन सहा पडेपर्यंत फासा सरासरी किती वेळा टाकावा लागेल? मी विचार करतोय, तोच दाराआडून तुम्ही, "डेय, बेचाळीस रे!" बाईंना मराठी कळलं नाही, पण कुणीतरी उत्तर सांगतंय एवढं कळलं. मुलाखत तिथेच बंद. मग मी तुम्हाला म्हणालो, तुम्ही माझं आयुष्य नासवलंत. तुम्ही पिशवी भरलीत आणि अक्काकडे तंजावरला निघून गेलात.

आता खरं लिहितो. मी विचार करत नव्हतो, अप्पा. तोच प्रश्न सकाळी तुम्ही विचारला होता आणि मी चुटकीसरशी सोडवला होता. बाईंसमोर मात्र डोकं कोरं झालं. तीन मिनिटं मी गप्प होतो आणि तुम्ही दाराआडून ते ऐकत होतात. फळ्यापाशी अडलेल्या पोराला तुम्ही कधी तसं उभं ठेवलं नाहीत, मग मला कसं ठेवणार होतात? मुलाखत तुम्ही बोलण्याआधीच हातची गेली होती. मी मात्र अक्काला, ऑफिसात, सगळ्यांना तुमचंच नाव सांगितलं. अक्काला आजच फोन करून खरं सांगतो.

गुरुवारी नुंगंबाक्कमला दुसऱ्या कंपनीची मुलाखत आहे, समोरासमोर. तिथे दाराआड कुणी नसेल. तेव्हा त्याआधी या आणि इडली तोंडात असतानाच विचारा. मी ओरडेन बहुतेक. ओरडलो तरी जाऊ नका.

फळ्यापाशी अजून उभा असलेला,
तुमचा गिरिधर