दोनशे चौदा हात

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी नव्याने लिहायला नकोत. तुझ्या पुस्तकाची कच्ची प्रत पोचली. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा धरतो, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाही. गिरणीच्या विणाई खात्याचं आता गोदाम झालंय. बॉयलरवाले काका गेल्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत विचारायचे, "मास्तर येतोय का रे?" तू कसला येतोस! बारा वर्षं झाली.

पुस्तक दोनदा वाचलं. समाजवाद म्हणजे काय, हे तू मंगळवारच्या वर्गात सुताच्या पेटीवर बसून आम्हाला सांगायचास, तेच छान मांडलंयस. वहिनीला चार पानं वाचून दाखवली. म्हणाली, "भाऊजी बोलतात तसंच लिहितात, दम न घेता."

सहावं प्रकरण आपल्या संपाचं. त्याच्यामुळेच पत्राला उशीर झाला. तू लिहितोस, एकोणऐंशीव्या दिवशी सभेने दोनशे चौदा विरुद्ध एकशे सत्त्याऐंशी मतांनी संप मागे घेतला. त्यावरून तुझा निष्कर्ष असा, की कामगार आपला आपण पगारापाशीच थांबतो, पुढचा विचार त्याला बाहेरून द्यावा लागतो. वीस पानं आहेत त्यावर.

युनियनचा चिटणीस म्हणून हात मी मोजले होते. शिस्त तूच लावलेली: कोपर कानाच्या वर गेलं तरच मत, अर्धवट हात धरायचा नाही. त्यामुळे घोळ व्हायला जागाच नव्हती. रंगखात्यातल्या बायकांच्या हातांचा निळा रंग अडीच महिन्यांतही पुरता गेला नव्हता, ते तर लांबूनही मोजता येत.

आकडे बरोबर आहेत. फळ्यावर मी ते उलटे लिहिले.

संप चालू ठेवा म्हणणारे दोनशे चौदा होते. सभेचे अध्यक्ष बॉयलरवाले काका; त्यांनी विचारलं, "नीट मोजलंस ना रे?" म्हटलं, "नीट मोजलं." त्यांचा चष्मा मोर्चात फुटलेला. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

मालकाने फितवलं असेल, असं तुझ्या मनात येईल. नाही. मी दमलो होतो. रोज सकाळी दारात माणसं उभी, "आज काय, दादा?" मी म्हणायचो, "उद्या बघू." तू सांगायचास ते खरं होतं रे, पण ते कधीतरी खरं होणार होतं आणि दार रोज वाजायचं.

निकाल ऐकून तू उठलास. "सभेचा निर्णय मला मान्य आहे," म्हणालास आणि त्याच आठवड्यात सामान बांधलंस. स्टँडवर सोडायला मीच आलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. तुझी ट्रंक टपावर चढवली आणि हात हलवून परत फिरलो. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सगळे माना खाली घालून कामाला आले. शेजारच्याने दगा दिला, असं ज्याला त्याला वाटत होतं. युनियन त्यानंतर उठली नाही. वहिनीने रंगखात्यातल्या तिच्या मैत्रिणीशी बोलणं टाकलं, ते बारा वर्षं. दोघी एकाच नळावर पाणी भरतात.

तेव्हा तुझा निष्कर्ष चुकलाय. ते थांबले नव्हते. थांबलो मी, आणि मी तर तुझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसायचो.

सहावं प्रकरण पुन्हा लिही. चिटणिसाने केलं असं स्पष्ट लिही, भाऊ म्हणून सांभाळून घेऊ नकोस.

वहिनीचं तोंड चालू आहे असं वर लिहिलं, ते परवापर्यंतचं. काल तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि गुडघा दुखत असताना मैत्रिणीच्या घरी गेली. आल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही. सभेत तिचाही हात वर होता. मोजताना मी तो बघितला होता.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर तू "दादास" असं लिहिलंयस. ते खोड. तिथे त्या दोनशे चौदा जणांना जागा दे.

तुझा,
हात मोजणारा