रूदियेरच्या रिकाम्या जागा

५ ऑक्टोबर
ओरियाकच्या जुन्या बाजारात, बुरसटलेल्या गाद्यांखाली, इतिहास सापडला. आन्सेल्म रूदियेर, १८६४. पियानोसाठी सहा ‘बूरे’, म्हणजे आमच्या डोंगरातल्या नाचांवरच्या रचना. छापील नव्हे, हाताने लिहिलेल्या. जगात ही एकच प्रत. विकणारा तिच्या पानात चीज गुंडाळणार होता. शिसारी आली. फ्रान्सने विसरलेला माणूस माझ्यासारख्या चष्मे विकणाऱ्याच्या हाती लागला. नशीब त्याचं.

८ ऑक्टोबर
पियानो मी कुणाकडे शिकलो नाही. त्यामुळे माझ्यात कुणाच्या चुका उतरलेल्या नाहीत. रूदियेर मात्र आळशी. स्वरलिपीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटची दोन तालाची घरं चक्क कोरी. एक स्वर नाही! प्यायला असणार. मीच भरून काढतोय. शाईने. पेन्सिल ज्यांना स्वतःची खात्री नसते त्यांच्यासाठी.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ
सासूबाईंना संगीताचा तिटकारा आहे. मी वाजवायला बसलो की स्वयंपाकघरात लाकडी जोडे आपटतात. तेही नेमके मी भरलेल्या जागांवर. बायकोला, सोलांजला सांगितलं. आईचे गुडघे दुखतात, ती कशाला उगाच पाय आपटेल, म्हणाली. तेच तर! दुखऱ्या गुडघ्यांनी आपटतात म्हणजे द्वेष किती खोल.

१५ ऑक्टोबर
स्वयंपाकघरात गालिचा अंथरला.
रात्री पाहिलं तर गुंडाळून कोपऱ्यात उभा.

३ नोव्हेंबर
सेंट मार्टिनच्या सणाला, ११ तारखेला, गावच्या हॉलमध्ये माझं वादन. रूदियेरचा पुनर्जन्म. हॉलच्या पियानोत उंदरांचा संसार. झाकण उघडलं की कोबी सडल्याचा वास. गास्पार खाटीक सणाला मशकवाद्य फुंकतो, त्याला वाटतं संगीत म्हणजे तेच. चष्मेवाले, तुमचं आटोपलं की हाक मारा, मग आम्ही नाचू, म्हणाला. हात सॉसेजने तुपकट. त्याच हाताने पाठ थोपटली. कोट धुवायला टाकला.

१२ नोव्हेंबर
या गावाला शिस्त नाही.
काल पहिली ओळ संपत येईपर्यंत सगळे गप्प. मग माझ्या दोन घरांवर अख्ख्या हॉलने पाय आपटले. धाड, धाड! दुसऱ्या ओळीला खुर्च्या भिंतीला लागल्या. तिसऱ्या ओळीला किंकाळ्या. माझे स्वर मलाच ऐकू येईनात. मी थांबलो, तर गास्पार ओरडला, अहो चष्मेवाले, झोपलात काय, हाणा! मधोमध सासूबाई. गुडघ्यांसकट.
परत येताना सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, झकास वाजवलंत. आजीच्या तोंडची चाल, पुन्हा कानावर पडेल वाटलं नव्हतं. पण आमच्या पायांची जागा सोडलेली, तिथे तुम्ही बोटं कशाला खुपसत होतात? महिनाभर स्वयंपाकघरातून सांगतेय, तर तुम्ही गालिचे अंथरताय.
सोलांज इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. किळसवाणं हसणं.
गास्पारला लेकीच्या लग्नात सहाही रचना हव्यात.

१३ नोव्हेंबर
रूदियेरने त्या जागा रिकाम्या ठेवण्यामागे काही विचार असावा, असा निष्कर्ष मी स्वतंत्रपणे काढला. माझे स्वर खोडायला बसलो. शाई उत्तम होती; मी हलकी शाई वापरत नाही. खोडरबराने जाईना. मग ब्लेड घेतलं.
कागदाला भोक पडलं. कागद पाठपोट लिहिलेला. मागची दुसरी रचना मधोमध गेली. ती आता कुणालाच कळणार नाही. बहुधा सुमारच असावी.
पहिल्या रचनेतली जागा मात्र आता निर्विवाद रिकामी आहे.