खालच्या काचेवरचं कुंकू

बाबा, तुम्ही गेल्यानंतर मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही फारसं लिहीत नव्हते. एखाद्या बंदराचं पोस्टकार्ड, त्यावर दोन ओळी, खाली घाईतली सही. आज दसरा आहे. दुपारचे तीन वाजलेत, मी नुकतीच इतवारीतून परत आले आहे, आणि सकाळी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. सांगावं असं माणूस तुम्हीच उरलात, हे माझं नशीब. विषय जुनाच आहे, तुमचा लाडका विद्यार्थी. त्याचं नाव मी लिहिणार नाही, ते माझ्या हातून सरळ लिहिलं जात नाही. मी त्याच्यावर जळते. तेव्हा जळत होते, आणि जगभरातले बाजार, बंदरं आणि मालधक्के कॅमेऱ्यात भरून झाल्यावर, डोक्याचे केस पांढरे झाल्यावरही जळते.

आपलं स्वयंपाकघर आठवतं ना? तुमचा स्टुडिओ इतवारीत, भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, आणि डार्करूम मात्र घरी, मोरीला काळा पडदा लावून. निगेटिव्ह वाळायच्या त्या स्टोव्हसमोरच्या दोरीवर. म्हणून आई फोडणी देण्याआधी दर वेळी विचारायची, "दोरीवर काही आहे का?" तेलाचा धूर फिल्मवर बसला की काम गेलंच. लोकांच्या लग्नांपायी आपण किती दिवस बिनफोडणीचं वरण खाल्लं असेल. मग तो आला. उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा, तेविशीतला, घरचा माग बंद पडलेला, पिशवीत दोन शर्ट. तुम्ही त्याला कामाला ठेवलंत आणि आईनं जेवायला. चौथ्या दिवशी तो आईला म्हणाला, "काकू, स्टोव्ह अंगणात नेऊन देऊ का? तिथं द्या फोडणी." इतक्या वर्षांत हे आपल्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. आई हसत सुटली, तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, आणि मी, या घरची मुलगी, तुमच्या हाताखाली चार वर्षं राबलेली, दारात उभी होते. मला त्या दिवशीचं वरण कडू लागलं. चांगलं झालं होतं, तरी कडू लागलं.

तो माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला तुमच्याआधी कळलं होतं. धान्यबाजारात आम्ही दोघं जायचो. मी अर्ध्या तासात रोल संपवून मोकळी. तो पोत्यावर बसून राहायचा. हमाल त्याला बिडी विचारायचे, तो ओढत नाही म्हणायचा, मग गप्पा, मग गप्पाही संपायच्या, तो तिथं आहे हे ते विसरून जायचे, आणि तेव्हा कुठे तो कॅमेरा उघडायचा. मागावर बसणाऱ्यांच्या घरचा तो, वीतभर कापड पुढं सरकायला किती वेळ लागतो हे लहानपणापासून पाहिलेला. एका संध्याकाळी स्टुडिओच्या पायरीवर तुम्ही माझे आणि त्याचे प्रिंट शेजारी शेजारी मांडलेत आणि मला म्हणालात, "तुह्या फोटोत चूक काहीच नाही वं. पण तू फोटोले पाह्यते, माणसाले नाही. त्याले थांबता येते. तुले नाही येत." तुम्ही ते रागानं म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्ही ते हळू म्हणालात, आणि भांडायलाही जागा ठेवली नाहीत.

त्याच पावसाळ्यात मुंबईचे ते गृहस्थ आले. त्यांना व्यापाराच्या जागांचं मोठं पुस्तक करायचं होतं, बाजारपेठा, गोद्या, मालगाड्यांची यार्डं, आधी देशातली आणि मग बाहेरची. बरोबर फिरायला एक फोटोग्राफर हवा होता. ते तुम्हालाच न्यायला आले होते. तुम्ही म्हणालात, माझे गुडघे संपले, पण माझ्याकडे दोघं आहेत, दसऱ्याला दोघांनाही इतवारीत सोडतो, ज्याचे रोल चांगले त्याला न्या. दसऱ्याला इतवारीत कोण काय करतं ते तुम्हाला सांगायला नको. तराजूला हार, हातगाड्यांना झेंडू, मालक आणि हमाल एका रांगेत उभे. आपल्या घरी पूजा नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दसरा म्हणजे पांढरे कपडे आणि दुपारी दीक्षाभूमी. सकाळी मात्र तुम्ही दुसऱ्यांच्या पूजांचे फोटो काढायला जायचात, आणि त्यात तुम्हाला कधी अडचण वाटली नाही. तो त्याच्या घरी माग पुजत आलेला. त्यानं कॅमेरा पुजू का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बॉडीले लाव गा. काचेले बोट नको लावू."

मी पस्तीस एमएमवाला कॅमेरा घेतला, त्याला तुम्ही तुमचा दोन काचांचा दिलात. तो पोटाशी धरायचा, वरून मान घालून बघायचं. दिसतं वरच्या काचेतून, फोटो निघतो खालच्या काचेतून. त्या सकाळी स्टुडिओत स्टुलावर कॅमेरा, शेजारी ताटलीत ओलं कुंकू, दोन झेंडू. त्यानं बॉडीच्या कडेला टिळा लावला, नमस्कार केला आणि हात धुवायला मागे गेला. तुम्ही बाहेर शेजारच्या दुकानाच्या शेठशी बोलत होतात. मी ताटलीत बोट बुडवलं आणि खालच्या काचेवर फिरवलं. मग ओढणीनं पुसून घेतलं, इतकंच की लाल दिसू नये. वरची काच स्वच्छ होती, म्हणून दिवसभर त्याला सगळं लख्ख दिसत राहिलं. हे सगळं करायला मला जेमतेम एक मिनिट लागलं असेल, आणि त्या मिनिटात मी थांबले नाही, विचारही केला नाही. हात सरावल्यासारखा चालला.

दोन दिवसांनी दोरीवर त्याच्या तीन रोलच्या पट्ट्या लटकल्या. सगळ्या धुरकट. तुम्ही कॅमेरा खिडकीपाशी नेलात, खालच्या काचेच्या कडेला नखानं खरवडलंत, नख लाल झालं. आईच्या हातात उलथणं होतं, मी ताट घेत होते. तुम्ही त्याच्याकडे वळलात. "तुले काय सांगितलं होतं गा? काचेले कुंकू लावते का कोणी?" त्यानं तुमच्या नखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत नखाकडे. "लागलं असन, काका," एवढंच म्हणाला. तुम्ही त्याला आणखी बरंच बोललात, श्रद्धेपायी डोळे गमावले वगैरे. तुम्ही असं कुणाला कधी बोलला नव्हतात. पुढच्या महिन्यात मी मुंबईला गेले. स्टेशनवर तुम्ही तुमचा उजेड मोजायचा लाइटमीटर माझ्या हातात ठेवलात, चामड्याच्या खोक्यासकट. तो मी आजही वापरते. गरज नसते, तरी वापरते.

त्यानंतर सगळं तुम्हाला पोस्टकार्डांवरून ठाऊक आहेच. मोम्बासाच्या बंदरात पोती वाहणारे लोक, इस्तंबूलच्या धक्क्यावर बोटीतून उतरणारी टोमॅटोची खोकी, हाँगकाँगच्या मासळीबाजारातले लिलाव. लिहिलं नाही ते असं की प्रत्येक ठिकाणी तो माझ्याबरोबर होता. मोम्बासात मी सहा फोटो काढून निघाले, आणि गाडीत बसल्यावर मला दिसत राहिलं की तो असता तर अजून पोत्यावर बसलेला असता. मला रॉटरडॅम सगळ्यात आवडलं. तिथं माणूसच दिसत नाही, कंटेनरचे डबे आपोआप सरकतात, वाट बघावी असं कुणी नाही. लोक माझ्या क्रेनच्या फोटोंचं कौतुक करतात. माणसांच्या फोटोंबद्दल कुणी काही बोलत नाही. आणि तुमच्या शेवटच्या आजारात तोच होता. त्यानंच तुम्हाला न्हाऊमाखू घातलं, स्टुडिओही चालवला. मी चिलीतल्या एका बंदरात होते, पोचले ती तिसऱ्या दिवशी. तो दारात उभा, डोळे सुजलेले, आणि माणसं त्याचं सांत्वन करत होती. माझ्या बापासाठी हा माझ्याआधी रडून घेतो म्हणून मला राग आला. अशी मुलगी तुम्ही वाढवलीत.

आता माझं स्वतःचं पुस्तक होतंय. त्याची शेवटची पानं इतवारीची असावीत असं मीच ठरवलं, फार डौलात. आठ दिवस हिंडले. तराजूंच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, गल्लीत टेम्पोच टेम्पो, तरी बाजार तोच आहे, आणि माझ्या हाती एक धड फोटो लागला नाही. परवा धान्याच्या एका दुकानात पाणी मागितलं. गल्ल्याच्या वर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक फोटो होता. झेंडूच्या माळा घातलेली हातगाडी, तिच्यावर तीन हमाल, एकजण दुसऱ्याच्या फेट्याचं टोक खोचून देतोय, तिसरा डोळे मिटून बसलाय. आणि सगळ्यावर एक मऊ, पांढुरका उजेड, पोती झटकल्यावर सकाळी धान्यबाजारात असतो तसाच. मी खुर्चीवर चढून पाहिलं. त्या पट्टीतला तो फोटो होता, बाबा. माझ्या बोटाचा धूर त्याच्यावर होता, आणि तो चांगला होता. मी जगभर जे शोधत फिरले ते त्या खराब रोलमध्ये होतं.

दुकानाचे मालक म्हणाले, "तुमच्या बाबांनीच दिला होता. ताई, तुम्ही मुंबईले गेल्या ना, त्याच वर्षी. म्हणे, माह्या पोरानं काढला आहे, टांगून ठेवा." मी पाणी तसंच ठेवून निघाले. माह्या पोरानं. माझा एकही फोटो तुम्ही कुणाच्या भिंतीवर टांगायला दिला नाहीत. म्हणजे त्याला एवढं बोलून झाल्यावर तुम्ही त्या धुरकट पट्ट्या पुन्हा उजेडात धरल्यात, त्यातून हा एक निवडलात, मोठा करून दिलात, आणि मला पोस्टकार्डाच्या उत्तरात कधी कळवलं नाहीत.

तशीच स्टुडिओत गेले. तो पासपोर्टचे फोटो कापत होता. मी म्हटलं, तो फोटो मला माझ्या पुस्तकात हवा आहे, शेवटच्या पानावर, तुझ्या नावानं. "घ्या ना," तो म्हणाला. कात्री थांबवलीसुद्धा नाही. मी म्हटलं, लोक विचारतील तो धूसर काहून आहे. "सांगा, कुंकू लागलं होतं." मग मलाच राहवलं नाही. "तुले माहीत आहे?" आता त्यानं कात्री खाली ठेवली. "मी काचेले हात लावला नव्हता, ताई. काका त लावणार नाही. मग उरलं कोण?" "मग तेव्हा बोलला काहून नाही?" "काका विचारून नव्हते राहिले, सांगून राहिले होते. अन् तुमचं नाव घेतलं असतं त त्यांनी मले ठेवलं असतं का घरात? ठेवलं असतं तरी मले भाकर गेली नसती." एवढं बोलून त्यानं पुन्हा कात्री उचलली. माफ केलं असं म्हणाला नाही, केलं नाही असंही म्हणाला नाही. मी निघताना तो म्हणाला, दसऱ्याला सकाळी या, तो कॅमेरा अजून चालतो, वर्षातून एक रोल काढतो, हमालांचा.

म्हणून आज गेले. दुपारी दीक्षाभूमीला जायचं म्हणून पांढरी साडी नेसले होते. तेच स्टूल, तोच कॅमेरा, कातडं उडालेला, शेजारी ताटलीत ओलं कुंकू. त्यानं बॉडीच्या कडेला टिळा लावला, नमस्कार केला, आणि "चहा सांगून येतो, ताई," म्हणत बाहेर गेला. मी एकटी. खालची काच माझ्याकडे तोंड करून. आणि माझं बोट ताटलीत गेलं. गेलं, बाबा. ओलं झालं. आता मला कुठली नोकरी मिळायची नव्हती, कुणाला हरवायचं नव्हतं, या वयात मला त्याच्याकडून काही हिसकावून घ्यायचं नव्हतं, तरी गेलं. बाहेरून त्याचा आवाज आला, "साखर चालते ना?" मी हो म्हटलं आणि बोट पदराला पुसलं. पांढऱ्यावर लाल, लपवायला जागा नाही. तो चहा घेऊन आत आला. त्यानं पदराकडे पाहिलं, मग वाकून खालची काच पाहिली, नीट, उजेडाकडे वळवून. काच स्वच्छ होती. त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. "आज तुम्ही काढा. रोल एकच आहे, बाराच फोटो. घाई नका करू."

धान्यबाजारात मी पोत्यावर बसले. दोन तास बसले. हमालांनी मला आधी आजी म्हटलं, मग खुर्ची देऊ केली, मग विसरले. बारा फोटो काढले. रोल त्याच्याकडे आहे, धुवून झाला की कळवतो म्हणालाय. हे पत्र घडी करून लाइटमीटरच्या खोक्यात ठेवेन, तिथं जागा आहे. फोटो कसे आले ते मला अजून माहीत नाही. पण तुम्हाला सांगायचं होतं ते दुसरंच. त्यानं तो कॅमेरा माझ्या गळ्यात घातला तेव्हा मला आधी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे की, हेसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.